विश्लेषण : ‘व्ही फॉर व्हेंडेटा’च्या मुखवट्याची सरकारांना धास्ती का?

पांढराफटक चेहरा, वर वळलेल्या मिशा, टोकदार दाढी आणि छद्मी हसू. हा मुखवटा न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंतच्या आंदोलनांत दिसला आणि काही देशांनी त्याच्या आयातीवरच बंदी घातली. कॉमिकमधून चित्रपटात आणि तिथून रस्त्यावर आलेल्या या मुखवट्यामागची गोष्ट काय?

मूळ कथा काय आहे?
अ‍ॅलन मूर (लेखन) आणि डेव्हिड लॉईड (चित्रे) यांचे हे कॉमिक १९८२ पासून ब्रिटनमधील ‘वॉरियर’ मासिकात प्रसिद्ध होऊ लागले. काळ मार्गारेट थॅचर यांच्या राजवटीचा. अणुयुद्धानंतर फॅसिस्ट पक्षाच्या ताब्यात गेलेला देश, नागरिकांवर सतत पाळत आणि त्याविरुद्ध एकटा लढणारा मुखवटाधारी ‘व्ही’, असे त्याचे कथानक. मुखवटा गाय फॉक्सचा. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी राजासह संसद उडवण्याच्या कटात फॉक्स पकडला गेला. त्याला लोकशाही नव्हे, तर कॅथलिक राजवट हवी होती, हे मात्र सहसा विसरले जाते.

चित्रपटाने काय बदलले?
२००६ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे दिग्दर्शन जेम्स मॅकटीग यांचे, तर पटकथा वाचोवस्की यांची. अणुयुद्धाची जागा विषाणूने घेतली आणि तो सत्ताधाऱ्यांनीच पसरवल्याचे दाखवले गेले. मूर यांनी नाराज होऊन आपले नाव काढून घेतले. सर्वांत मोठा बदल शेवटी आहे. मुखवटे घातलेले हजारो सामान्य लोक संसदेकडे चालत जातात. कॉमिकमध्ये हे दृश्य नाही. आंदोलकांनी नेमके तेच उचलले.

आंदोलनांत मुखवटा कसा आला?
२००८ मध्ये ‘अ‍ॅनॉनिमस’ गटाने चर्च ऑफ सायंटॉलॉजीविरुद्धच्या निदर्शनांत तो वापरला. २०११ च्या ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’मध्येही तो दिसला. भारतात काही संकेतस्थळे बंद केल्याच्या निषेधार्थ ९ जून २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर तरुण हाच मुखवटा घालून जमले. गंमत म्हणजे, अधिकृत मुखवट्याच्या विक्रीतून मानधन मिळत होते ते चित्रपटाचे हक्क असलेल्या टाइम वॉर्नर या बड्या कंपनीला.

सरकारांचा आक्षेप कशाला?
बहरीनने २०१३ मध्ये या मुखवट्याची आयात रोखली. त्याच वर्षी कॅनडाने दंगलीत चेहरा झाकणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. हाँगकाँगने २०१९ मध्ये आंदोलनांत चेहरा झाकण्यास बंदी घातली. मुखवट्याआडून हिंसा करणारे सापडत नाहीत, हा सरकारांचा युक्तिवाद आणि तो अगदीच निराधार नाही. पण शांततेने निदर्शने करणाऱ्याला नोकरी जाण्याची किंवा पोलिसांच्या यादीत नाव येण्याची भीती असेल, तर चेहरा झाकणे हेच त्याचे संरक्षण ठरते.

आज हा प्रश्न महत्त्वाचा का?
पूर्वी गर्दीत माणूस आपोआप अनोळखी राहायचा. आता कॅमेरा आणि चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर त्याला वेगळा काढते. २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर असे सॉफ्टवेअर वापरल्याचे केंद्रीय गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले होते. दंगलखोर शोधणारी ही यंत्रणा शांततापूर्ण मोर्चावरही रोखता येते. त्यामुळे मुखवट्यावर बंदी घालण्याआधी हा कॅमेरा कुणावर, कुणाच्या परवानगीने रोखायचा आणि त्याची नोंद किती काळ ठेवायची, हे कायद्याने ठरवणे गरजेचे आहे.