सुक्याबरोबर ओलेही

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण आग शेजाऱ्याच्या परड्यात लागावी आणि राख आपल्या घराची व्हावी, असे घडले तर नुकसान कोणी भरून द्यायचे, हा प्रश्न निघताच ते हसू मावळते. अशा वेळी आपल्या समाजात दोनच रीती दिसतात. एक म्हणजे हातघाईचे भांडण आणि मग पिढ्यान्‌पिढ्या अबोला. दुसरी म्हणजे भीड. ‘जाऊ द्या हो, शेजार आहे’ असे म्हणून मनात धुमसत राहायचे. मला या दोन्ही रीती सारख्याच घातक वाटतात. जबाबदारी कोणाची आणि पैसा कोठून येणार, हे संकट येण्यापूर्वी ठरवून ठेवणे हाच खरा शेजारधर्म होय, असे माझे मत आहे.

कलाशाखेच्या वार्षिकांकात विम्यासारखा रुक्ष विषय कशाला, असे कोणी विचारील. पण या विषयाच्या मुळाशी एक गोष्टच आहे, आणि तीही माणसाच्या स्वभावाची.

इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात एका गृहस्थाने आपल्या हद्दीच्या कडेला, शेजाऱ्याच्या घरांजवळ, वाळल्या गवताची गंजी रचली. गवत नीट वाळले नसेल तर गंजीच्या पोटात ऊब साठत जाते आणि ठिणगी न पडताही ती पेट घेते, हे आपल्याकडील शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. या गृहस्थाला लोकांनी पाच आठवडे वेळोवेळी सावध केले. गंजी मोडा, असा सल्ला दिला. त्याच्या मालाचा विमा उतरवलेला होता. ‘होईल ते होईल’ अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले आणि गंजीत वारा खेळावा म्हणून एक धुराडे तेवढे ठेवले. अखेर गंजी पेटली. त्याचे कोठार व तबेले जळाले आणि तीच आग शेजाऱ्याच्या घरांना भिडली. सुक्याबरोबर ओलेही जळाले!

व्हॉन विरुद्ध मेनलव्ह या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्याचा निकाल १८३७ साली लागला. ‘मी माझ्या बुद्धीप्रमाणे प्रामाणिकपणे वागलो’ हा प्रतिवादीचा बचाव न्यायालयाने मानला नाही. प्रत्येकाच्या बुद्धीचे माप वेगळे. तेव्हा सामान्य, सावध माणूस अशा प्रसंगी कसा वागला असता, हीच कसोटी लावली पाहिजे, असे ठरले. आजही निष्काळजीपणाच्या दाव्यात भारतातील न्यायालये हीच कसोटी लावतात.

या निकालातील मर्म ध्यानात घ्यावयास हवे. गंजी त्याची होती एवढ्यावरून तो दोषी ठरला नाही; सावध करूनही तो हलला नाही, म्हणून दोषी ठरला. शेजाऱ्याचे निरोगी झाड अचानक वादळात आपल्या कौलांवर कोसळले, तर केवळ झाड त्याचे म्हणून भरपाई मिळेलच असे नाही. मात्र तेच झाड पोखरलेले होते, ते आपण त्याला दाखवले होते आणि तरीही त्याने काही केले नाही, तर गोष्ट निराळी. महाराष्ट्रातील शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये झाड तोडण्यास परवानगी लागते, हे खरे. पण परवानगीसाठी अर्जसुद्धा न करणे हा काही बचाव होऊ शकत नाही.

निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदारी येते, असेही काही प्रसंग आहेत. लँकेशरमध्ये एका गिरणीसाठी बांधलेल्या तलावाचे पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले, तेव्हा धोक्याची वस्तू जमिनीवर आणून साठवणाऱ्याने ती सुटल्यास होणारे नुकसान सोसावे, असा दंडक १८६८ साली कायम झाला. परंतु १८७४ साली मद्रास इलाख्यातील एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने त्याला जबाबदार धरले नाही. ते तलाव पूर्वापार लोकांच्या शेतीसाठी राखलेले होते आणि ते राखणे हे त्याचे कर्तव्य होते. एकच पाणी, पण न्याय वेगळा! म्हणजे शेजाऱ्याकडून भरपाई मिळेल की नाही, हे आधी छातीठोकपणे सांगणे वकिलालाही अवघडच.

म्हणूनच विम्याचा विचार करावा लागतो. येथे आपल्या समजुतीत मोठाच घोटाळा आहे. ‘त्याचा विमा आहे ना, मग तो आपले भरून देईल’ असे आपण धरून चालतो. वस्तुतः शेजाऱ्याचा आगीचा विमा हा त्याच्या मालमत्तेचा असतो. आपले नुकसान त्यातून निघत नाही; त्यासाठी त्याने दायित्वाचा विमा वेगळा घेतलेला असावा लागतो. आपले घर वाचवायचे तर विमा आपणच उतरवला पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. आग, पूर, फुटलेल्या टाक्या व नळ, पडलेले झाड किंवा भिंत, अशा गोष्टींनी घराला झालेली हानी तीत येते. यात दोष कोणाचा, हे सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही. पैसे दिल्यावर विमा कंपनी आपल्या जागी उभी राहून दोषी शेजाऱ्याकडून वसुली करू शकते. मात्र वरच्या मजल्यावरून वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या ओलीला सहसा विमा धावून येत नाही. तेथे दुरुस्तीच हवी.

आता एक विसंगती पाहा. रस्त्यावर साधी स्कूटर आणायची तर दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९९१ साली धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांवरही अशी सक्ती आली. जरी त्या मूळ कायद्यात खाजगी मालमत्तेसाठी तत्काळ मदतीची मर्यादा अवघी ६,००० रुपये होती. पण शंभर बिऱ्हाडांच्या इमारतीला असे काहीच बंधन नाही. एका बिऱ्हाडाच्या चुकीने शेजारची चार घरे जळाली आणि चूक करणाऱ्याच्या हाती काहीच उरले नाही, तर न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन करायचे काय? ज्याच्याजवळ देण्यास दमडी नाही, त्याची जबाबदारी कागदावरच राहते. चाळीतला आणि वस्तीतला माणूस नेमका येथेच भरडला जातो.

विम्याने माणूस बेफिकीर होतो, असा आक्षेप येईल. गंजीच्या मालकाची गोष्ट तेच सांगते, हे मी नाकारत नाही. पण त्याच गोष्टीत हेही आहे की विमा असूनही शेजाऱ्यापुढील त्याची जबाबदारी सुटली नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदल्या पाहिजेत. ‘लेखी कळवले तर शेजार तुटेल’ हा दुसरा आक्षेप. मला उलट वाटते. वेळेवर दिलेली चार ओळींची चिठ्ठी नंतरच्या चाळीस वर्षांच्या वैरापेक्षा कितीतरी सौम्य असते.

तेव्हा गृहनिर्माण संस्थांनी इमारतीचा सामाईक विमा घेताना शेजाऱ्याच्या नुकसानीचे दायित्वही त्यात घालावे. चाळींनी व वस्त्यांनी एकत्र येऊन तेच करावे, आणि त्यासाठी शासनाने हप्त्याचा काही भार उचलावा. वर्षातून एकदा टाक्या, तारा, झाडे आणि गंज्या सर्वांनी मिळून पाहाव्यात व दिसलेला दोष नोंदवहीत लिहावा. घरे भिंतीला भिंत लावून बांधायची आणि धोका मात्र ज्याचा त्याने एकट्याने सोसायचा, ही रीत आता पुरे झाली.