रक्तदाबामागे दडलेली गाठ

यवतमाळ जिल्ह्यात घाम, डोकेदुखी आणि छातीतली धडधड म्हटले की पहिला संशय जातो फवारणीवर. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. तेव्हा हा संशय रास्तच. पण फवारणी नसताना, बसल्या जागी माणूस पांढराफटक पडतो, घामाने निथळतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा ठणठणीत होतो, त्याचे काय? गावात म्हणतात बाहेरचे आहे, दवाखान्यात म्हणतात टेन्शन आहे. झटका चालू असताना रक्तदाब मोजला जातोच असे नाही.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. त्यांतली एखादी गाठ ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात ओतू लागली की असे झटके येतात. ही गाठ, फिओक्रोमोसायटोमा, दुर्मिळ खरी. पण ती ठाऊक नसताना हर्नियासारख्या साध्या शस्त्रक्रियेसाठी जरी भूल दिली, तरी रक्तदाब भडकून रोगी टेबलावरच जाऊ शकतो. त्या मानाने पुष्कळ आढळणारी दुसरी गाठ अल्डोस्टेरॉन स्रवते. जेरोम कॉन यांनी १९५५ साली तिचे वर्णन केले. तीन-तीन गोळ्यांनाही न जुमानणारा रक्तदाब, कधी घसरलेले पोटॅशियम, एवढ्याच तिच्या खुणा.

आपल्याकडे मात्र गाडी उलटीकडून सुरू होते. पोटदुखीसाठी सीटी स्कॅन होतो, त्यात अवचित गाठ दिसते, आणि 'गाठ म्हणजे कॅन्सर' या धास्तीने घरचे बैलजोडी विकायला निघतात. वास्तविक अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. स्कॅनवरची घनता १० किंवा त्याहून कमी आणि संप्रेरके ठीक, तर तिला हात लावण्याचे कारण नाही. उलट तपासणीविना त्या गाठीत सुई घालणे हा निव्वळ धोका.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी रक्त-लघवी, मग चित्र, मग सुरी. २४ तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन, रेनिन-अल्डोस्टेरॉनचे गुणोत्तर, रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम गोळी आणि सकाळी कॉर्टिसॉल. यासाठी झरी-जामणीच्या मजुराने मजुरी बुडवून नागपूरला खेटे का घालावेत? नमुना प्रवास करू शकतो. तालुक्याच्या रुग्णालयात तो घ्यावा, १९८९ पासून चालू असलेल्या यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामार्फत तो योग्य प्रयोगशाळेत जावा, आणि अहवाल तालुक्यालाच परत यावा.

शस्त्रक्रिया नागपूरला होऊ द्या. दुर्बिणीतून होणारे ते काम सरावलेल्या हातांचेच. पण फिओक्रोमोसायटोमाच्या रोग्याला त्याआधी आठ-पंधरा दिवस प्राझोसिनसारखे अल्फा-रोधक द्यावे लागते, सोबत मीठ-पाणी, आणि धडधड थांबवणारे बीटा-रोधक त्यानंतरच. आधी दिले तर अनर्थ. ही तयारी योग्य देखरेखीखाली यवतमाळातच होऊ शकते. विशेषतः तिशीच्या आत रक्तदाब जडलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर ‘अधिवृक्क तपासले का?’ असा एक रकाना छापायला फार तर शाईचा खर्च येईल.