माकडाचं कोडं आणि आमची उंडी

वटारहून आगाशीपर्यंत बाइकवर जा आणि नव्या बंगल्यांची गेटं बघत चला. दोन्ही बाजूंना एकेक 'ख्रिसमस ट्री', मध्ये पेव्हर ब्लॉक, त्यावर गाडी. वाडी गेली, 'गार्डन' आलं.

नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अरौकेरिया असतं. नॉरफोक बेटावरचं, नाहीतर न्यू कॅलेडोनियातलं. कुंडीत ते गोंडस दिसतं, पण मूळ जागी 50 मीटरच्या वर जातं, म्हणजे सोळा मजली इमारतीएवढं. आपण ते भिंतीपासून तीन फुटांवर, विजेच्या तारांखाली लावतो. मग एक दिवस शेंडा छाटतो आणि ज्या आकारासाठी ते आणलं तो आकारच घालवून बसतो.

मीही शहाणा नव्हतो. याच झाडाचा चिलीतला चुलतभाऊ 'मंकी पझल' मला एका रीलमध्ये दिसला. खवल्यांसारखी टोकदार पानं, सरळसोट खोड. मी ऑनलाइन बिया मागवल्या. पाकिटात आल्या मोहरीएवढ्या. नंतर वाचलं, खरी बी तीन-चार सेंटिमीटर लांब असते आणि वाळली की रुजत नाही. शिवाय झाड थंड, ओलसर डोंगरातलं. आपल्या मे महिन्यात ते काय तग धरणार? माझा दिवसभराचा धंदा कोडमधले बग शोधण्याचा, आणि विकत घेताना एवढंही तपासलं नाही.

या झाडाची खरी गोष्ट रीलमध्ये नव्हती. नाव इंग्लंडमधल्या एका गमतीतून आलं: यावर चढायचं म्हणजे माकडालाही कोडं पडेल! त्याच्या मूळ जंगलात माकडंच नाहीत. तिथे पेहुएन्चे लोक राहतात. त्यांच्या भाषेत झाड म्हणजे 'पेहुएन', आणि त्यांचं स्वतःचं नावही त्यावरूनच पडलं. ते त्याच्या बिया भाजून, उकडून, पीठ करून खातात. झाड हजार वर्षं जगू शकतं, पण आता धोक्यात आहे. चिलीने 1990 साली त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. म्हणजे त्यांच्यासाठी ते शोभेचं झाड नाही. आपल्याला जसा माड, तसं त्यांना ते.

कुणी म्हणेल, चिकू, पेरू, काजूही बाहेरूनच आले ना? आले. घोलवडच्या चिकूला तर जीआय मानांकन मिळालंय. पण ती झाडं इथल्या मातीत रुजली, इथल्या माणसांना पोसू लागली. माझं भांडण परदेशी झाडाशी नाही. नाताळाशी तर मुळीच नाही. आमच्या घरचा गोठा आजही भाताच्या पेंढ्याचाच असतो. भांडण आहे ते जागा करण्यासाठी काय तोडतो, त्याच्याशी.

आमच्या विहिरीजवळ आजोबांनी लावलेली उंडी आहे. उंडीच्या तेलावर कोकणात दिवे जळत, तिच्या लाकडाच्या होड्या होत. रात्री वटवाघळं फळांवर येतात, सकाळी आजी खालच्या बिया वेचते. ही उंडी तोडून तिथे गाडी आणि गेटाला दोन ख्रिसमस ट्री, असा पप्पांचा प्लॅन आहे.

वसईच्या हिरवाईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर आपलेच आईवडील रस्त्यावर उतरले होते. तेव्हा समोर बिल्डर होते, टँकरवाले होते. आता आपल्याच अंगणात कुऱ्हाड आपल्याच हातात आहे, आणि तिच्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही.

मी पप्पांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग गाडी कुठे लावू?"

प्रश्न खोटा नाही. म्हणून मी गवंड्याला बोलावलं. गेट सहा फूट सरकवलं तर गाडीही मावते, उंडीही राहते. खर्च माझ्या पगारातून. पप्पा अजून 'हो' म्हणाले नाहीत; रविवारी पुन्हा मोजू म्हणाले. टेप मी धरणार आहे.