दोनशे रुपयांच्या मुद्रांकावरचा गुन्हेपट

2025च्या मार्चमध्ये मेरठला एका तरुणाचा मृतदेह सिमेंट भरलेल्या निळ्या ड्रममध्ये सापडला. पोलिसांनी त्याच्या बायकोला आणि तिच्या मित्राला आरोपी केलं. दोन-अडीच महिन्यांनी इंदूरचं नवपरिणीत जोडपं मेघालयात फिरायला गेलं, नवरा मारला गेला, आणि तिथेही पोलिसांचं बोट बायकोकडे वळलं. या दोन्ही खटल्यांत न्यायालयं काय ते ठरवतील. आमच्या शहाद्यात चहाच्या टपरीवर मात्र निकाल त्याच आठवड्यात लागला होता. लग्नात आहेर म्हणून ड्रम द्यावा का, यावर महिनाभर हशा पिकला. हसणाऱ्यांत असेही होते, ज्यांच्या बायका न विचारता बाजारातून मिरचीसुद्धा आणत नाहीत.

या दोन प्रकरणांवर चित्रपट निघतील, वेबमालिका तर नक्कीच निघतील. मी त्या बघेनही. दिवसभर खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं लिहिणाऱ्या दस्तलेखकाला रात्री दुसरं काय आवडणार? लोभ, दगा, घरातल्याच माणसाचा काटा काढणं, असे चित्रपट मी आवडीने बघत आलोय. म्हणूनच माझी एक तक्रार आहे. या चित्रपटांत लोभाचा उगम बहुतेक वेळा बाईत असतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत मला ती लोभी बाई फारशी भेटलेली नाही. लुबाडली गेलेली मात्र दर हंगामात भेटते.

या जातीच्या चित्रपटांचा मूळपुरुष म्हणावा असा बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ 1944चा. लॉस एंजेलिसच्या टेकडीवरचं ऐसपैस घर, कंटाळलेली बायको, विमा एजंट आणि नवऱ्याचा खून. अपघाती मृत्यू रेल्वेत झाला तर विम्याची रक्कम दुप्पट, या एका कलमावर सगळा डाव उभा आहे. मूळ कादंबरी जेम्स केनची. तिच्यामागे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 1927 साली घडलेला खरा खून होता. पुढच्या ऐंशी वर्षांत त्या बायकोने कितीतरी वेषांतरं केली. श्रीराम राघवनच्या ‘अंधाधुन’मध्ये (2018) ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहते, तब्बूच्या रूपात खेकडे शिजवते आणि शेजारच्या म्हातारीला वरच्या मजल्यावरून ढकलून देते. तब्बूने कामही असं केलंय की आपण तिच्याच बाजूने श्वास रोखून धरतो.

‘डबल इन्डेम्निटी’त लोकांना खून आठवतो, मला सहीचा प्रसंग. नवऱ्यापुढे कागद सरकवले जातात. त्याला वाटतं, मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण आहे. तो सही करतो आणि ती असते अपघात विम्याच्या अर्जावर. मागे एजंट साळसूदपणे उभा. त्या माणसाला पुढे रुळांवर नेऊन टाकलं नसतं, तरी माझ्या लेखी गुन्हा तिथेच घडला होता. असा प्रसंग मला पडद्यावर बघायची गरज नाही. आमच्याकडे तो अखाजीच्या सुमाराला घडतो. फरक इतकाच, की सही करणारा नवरा नसतो, बहीण असते.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. खान्देशात अखाजी म्हणजे सासुरवाशिणींचं माहेरपण. झोके बांधतात, गाणी होतात, आमरस-पुरणपोळी होते. त्या दिवसांत सगळ्या बहिणी एका घरात सापडतात, म्हणून हक्कसोडपत्रांचाही तोच हंगाम. वडील गेलेले असतात. प्रकाशाला तापीकाठी दहावा झालेला असतो. तलाठ्याकडे (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) वारस नोंद होते आणि सातबाऱ्यावर भावांच्या खाली बहिणींची नावं चढतात. ही नावं कोणी मेहेरबानीने चढवलेली नाहीत. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, देशाने 2005 साली. वडील 2005 आधी वारले असले तरी हा हक्क जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. एवढा भक्कम कायदा मोडायला पिस्तूल लागत नाही. मुद्रांक शुल्काचे दोनशे रुपये वर्षानुवर्षे पुरत आले. वडिलोपार्जित हिस्सा भावाच्या नावे विनामोबदला सोडायचा, तर सरकारने शुल्क इतकंच ठेवलं होतं.

आता यातला खरा पेच ऐका. नोंदणीच्या कित्येक महिने आधी भावाने इसार घेतलेला असतो. शहाद्याच्या प्रकाशा रस्त्याला, दोंडाईचा रस्त्याला जाऊन बघा. काल-परवापर्यंत कापूस-पपई होती त्या रानात चुन्याच्या रेघा पडल्यात, सिमेंटचे खांब रोवलेत, तोंडाशी कुठल्यातरी ‘नगर’ची कमान आहे. अमेरिकन चित्रपटांतलं हिरवळवालं उपनगर ते हेच; आमच्याकडे त्याला एनए प्लॉट म्हणतात. एकराच्या भावात विकत घ्यायचं आणि चौरस फुटाच्या भावात विकायचं, असा तो धंदा. प्लॉटवाल्याला सातबारा स्वच्छ हवा असतो, म्हणजे बहिणींची नावं कमी झालेली हवी असतात. इसारपावती भावाच्या कपाटात. बहिणीला सांगितलं जातं, पीककर्जाला अडचण येतेय, बँक सगळ्यांच्या सह्या मागते. मोटार विम्याच्या नूतनीकरणाची थाप यापेक्षा वेगळी कुठे होती?

रीतीप्रमाणे दस्त तिला वाचून दाखवला जातो. नोंदणीच्या वेळी अधिकारी विचारतो, दस्त मान्य आहे का, दबाव नाही ना. ती मान हलवते. कॅमेऱ्याकडे बघते, यंत्रावर अंगठा टेकवते. दोन साक्षीदार ओळख देतात, तेही बहुधा भावाचेच दोस्त. सगळं कायदेशीर, एकही खोटी सही नाही. एका बहिणीला मी भावाला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, ताई, जमिनीचा आजचा भाव ठाऊक आहे ना? ती म्हणाली, “मन्हं माहेर तुटाले नको, भाऊ.” म्हणजे तिला ठाऊक होतं. तिने हिशेब केलेला होता, फक्त दुसऱ्या बाजूला रकमेऐवजी माहेर लिहिलं होतं. हे कळत असलेली बाई कुठल्या पटकथाकाराने लिहिली आहे? माझं घर या दस्तांच्या फीवर चाललंय, तेव्हा मी तटस्थ असल्याचा आव आणत नाही. उलट, आतल्या माणसाची साक्ष म्हणून हे घ्या.

वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, प्रकरण फार काळं होतं. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला सहज जाऊ नये म्हणून महसूल संहितेत कलम 36अ आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्यामुळे जमिनीवरची नजर बऱ्याचदा भाऊबंदकीतच फिरते. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. विधवेचा किंवा मुलीचा हिस्सा रूढीवर सोडलेला, आणि रूढी सांगणारे पुरुष. अशा घरात एकट्या बाईला बाजूला करायला दस्तही लागत नाही. कोणी आजारी पडलं, की भगत नाव घेतो आणि ती डाकीण ठरते. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी जीवही जातो. डाकीण प्रथेच्या आड जमिनीचा लोभ असतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आलेत. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरला. 2025च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात, आदिवासी मुलीच्या वारसांना हिस्सा नाकारणं समानतेच्या विरोधात आहे, असंही म्हटलं. इथे लोभ पुतण्याचा, दिराचा. आणि ज्या बाईचं रान गेलं, तिलाच चेटकी म्हणून उभी केलेली. हॉलीवूडच्या मोहिनीची आणि आमच्या डाकिणीची गोष्ट रचणारं डोकं मला एकच वाटतं. घरात काही वाईट झालं की आधी बाईकडे बघायचं.

अपवाद आहेत आणि ते मला फार प्रिय आहेत. सिडनी ल्युमेटने म्हातारपणी, 2007 साली केलेला शेवटचा चित्रपट घ्या. दोन भाऊ आईबापांच्याच दागिन्यांच्या दुकानावर दरोडा घालायचं ठरवतात. विमा भरून देईल, कोणाचं नुकसान नाही, असा त्यांचा युक्तिवाद. त्यात आई मरते. ‘तुंबाड’मध्येही (2018) हाव बापाकडून पोराकडे वारशाने जाते, सातबाऱ्यावरच्या नावासारखी. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त एकही खून नाही. बाप गेलाय, तेराव्याचा खर्च कोणी करायचा आणि सोनं कोणाच्या ताब्यात राहणार, एवढ्यावर अख्खं घर उघडं पडतं. शिकायचं राहून गेलेली ती बहीण, प्रभा, माझ्या टेबलासमोर येऊन बसलीय असं मला कितीदा वाटलंय.

निर्माते म्हणतील, खुनाशिवाय प्रेक्षक येत नाही. ‘तुंबाड’लाही पहिल्यांदा फार कोणी आलं नव्हतं, 2024 साली पुन्हा लावला तेव्हा त्याने पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला. आणि मी काही आर्ट फिल्म मागत नाहीये. मला रहस्य हवंय, इसारपावती सापडेल का याची धाकधूक हवीय, नोंदणीच्या रांगेत टोकन नंबर पुकारला जाताना घाम फुटायला हवाय. थोरल्या बहिणीला कळलंय, धाकटीला नाही, आणि दोघी एकाच बाकावर बसल्यात, एवढं पटकथाकाराला पुरायला हवं.

एकच सूचना. भावाच्या कामाला नेहमीचा खलनायक घेऊ नका. सगळ्यांना आवडणारा, हसतमुख नट घ्या. तो बहिणीला उन्हातून आत आणेल, पंख्याखालची खुर्ची देईल, तिच्या पोराला लस्सी पाजेल. हे सगळं तो मनापासून करेल, कारण माझ्यासमोर आलेले बहुतेक भाऊ ते मनापासूनच करत होते. आणि खिशातली इसारपावती पडद्यावर फक्त एकदा दिसू द्या, तो पेन काढायला वाकतो तेव्हा.