एकच नग हवाय? मग साडेतीन हजार द्या

परवा दुकानात इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. हातात त्याच्या गिटारचा ट्रेमोलो ब्लॉक. ब्रिजच्या खाली बसतो ना, तो धातूचा ठोकळा, ज्यातून सहा तारा ओवतात, तो. मूळचा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव होता, याला स्टीलचा हवा होता. भोसरीतल्या एका वर्कशॉपने एका नगाचे साडेतीन हजार सांगितले, म्हणून साहेब तापले होते. "सर, लोखंड पन्नास रुपयांचं. नुसती लूट आहे!"

मित्रांनो, मी त्या वर्कशॉपवाल्याच्या बाजूने आहे. का, ते हिशोबानेच बघू.

समजा व्हीएमसीचा दर तासाला 600 रुपये धरला. ड्रॉईंग नीट करून प्रोग्रॅम बनवायला दोन तास. नग पकडायची सोय, टूल लावणं, झिरो घेणं, मग ठोकळा उलटवून परत तेच, यात तीन तास. झाले 3000 रुपये, आणि अजून एकही नग बनलेला नाही! प्रत्यक्ष कटिंग चाळीस मिनिटं, म्हणजे 400. लोखंड 50. एका नगाचे 3450. तेच 50 नग काढले तर सेटिंगचे 3000 सगळ्यांत वाटले जातात, नगाला 60 रुपये. मग नग पडतो 510 ला. मशीन तेच, माणूस तोच. (प्लेटिंग यात धरलेलं नाही, तो वेगळा खर्च.)

शिवाय काम दिसतं तेवढं सोपं नाही. तारांची भोकं बारीक आणि चाळीसेक मिलीमीटर खोल. ड्रिल थोडं आत, बाहेर, परत आत, असं चिप काढत चालवावं लागतं. घाई केली की ड्रिल आत तुटतं आणि नग भंगारात. टेबलावरचा छोटा सीएनसी राउटर घेऊन हे घरी करू म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. लाकडाला, पिकगार्डच्या प्लास्टिकला तो छान आहे. स्टीलला तेवढा दणकटपणा त्याच्यात नसतो.

आता माझी चूक सांगतो, फुकटात शिका. मी एकदा असे 30 ब्लॉक काढून घेतले होते. माप घेतलं एका गिटारवरून. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या ब्रिजमध्ये पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर जुन्या पद्धतीत 56.4 मिलीमीटर असतं, आणि अलीकडच्या बऱ्याच ब्रिजमध्ये 52.4. माझ्या हातात जुन्या मापाची गिटार होती, आणि माझी गिऱ्हाइकं होती नव्या मापाची. भांडायला गेलो तर जॉबवर्कवाला शांतपणे म्हणाला, "ड्रॉईंगवर सही कुणाची आहे?" साडेसोळा हजार गेले. त्यातले दोन ब्लॉक आजही माझ्याकडे पेपरवेट आहेत.

म्हणून माझं मत असं, की गिटारच्या सुट्या भागांचा धंदा करायचा असेल तर मशीनचा विचार शेवटी करा. तयार भाग बाजारात मिळत असेल, तर तो विकत घ्या आणि विका, त्यात कमीपणा काही नाही. जिथे तयार मिळत नाही तिथेच कस्टमला जा, आणि एका नगाला एका नगाचाच भाव लावा. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. आधी थ्रीडी प्रिंटवर प्लास्टिकचा नग काढून गिटारवर बसवून बघा, मगच धातूला हात लावा. आट्यांचंही बघा बरं का. आर्मच्या भोकाला अमेरिकन गिटारमध्ये बहुधा 10-32 चे इंची आटे असतात, आशियाई बनावटीत बऱ्याचदा मेट्रिक.

त्या मुलाला मी व्हर्नियर दिला आणि सांगितलं, आधी मित्रांच्या गिटार मोज. काल त्याचा मेसेज आला. सात मोजल्या, पाच 52.4 च्या, दोन 56.4 च्या. आटे बघायचे राहिलेत म्हणे.