परदेशात मुलांना ‘फुकट’ शिकवायला जायचंय? तिकीट काढण्याआधी हे समजून घ्या

इन्स्टाग्रामवर एक रील हमखास समोर येते. मागे डोंगर, पुढे पत्र्याच्या छताची छोटीशी शाळा आणि गोल करून बसलेली मुलं. मध्ये भारतातून गेलेला विशी-बाविशीतला एक तरुण, हातात खडू. खाली लिहिलेलं असतं, ‘सहा आठवडे या, राहणं-खाणं आमच्याकडे, तुम्ही फक्त मुलांना इंग्लिश शिकवा.’

कमेंटमध्ये प्रश्नांची रांग लागते. खर्च किती? वयाची अट काय? सर्टिफिकेट मिळतं का? पण दोन प्रश्न क्वचितच दिसतात. व्हिसा कोणता लागतो? आणि त्या मुलांना याचा उपयोग काय होतो?

पगार नाही, म्हणजे नोकरी नाही. नोकरी नाही, म्हणजे फारशी तयारी नको. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. कारण पगार मिळो न मिळो, इमिग्रेशन अधिकाऱ्यासाठी ते काम असू शकतं आणि वर्गातल्या मुलांसाठी तर ते शिकवणंच असतं.

ही कल्पना आली कुठून?

तरुणांनी दुसऱ्या देशात जाऊन शिकवायचं, तिथल्या लोकांत राहायचं आणि दोन्हीकडची ओळख वाढवायची, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर रुजली १९५०-६० च्या दशकांत. ब्रिटनमध्ये १९५८ साली व्हीएसओ ही संस्था सुरू झाली. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी पीस कोअरची स्थापना केली.

पीस कोअरची पहिली तुकडी शिक्षकांचीच होती. ३० ऑगस्ट १९६१ ला पन्नासेक अमेरिकी तरुण-तरुणी घानाची राजधानी अक्रा इथे विमानातून उतरले. स्वागताला आलेल्या लोकांसमोर त्यांनी घानातल्या ट्वी भाषेत गाणं म्हटलं. निघण्याआधीच्या प्रशिक्षणात ते त्यांनी शिकून घेतलं होतं.

पीस कोअरची नेहमीची मुदत २७ महिन्यांची. त्यातले पहिले तीन महिने नुसते प्रशिक्षणाचे. भाषा शिकायची, स्थानिक कुटुंबात राहायचं, कामाची पद्धत समजून घ्यायची. मग दोन वर्षं प्रत्यक्ष काम.

याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये पीस कोअरमधून विक्रोळीत परिचारिका म्हणून काम करायला आल्या. तेव्हा त्यांचं वय होतं ६८. आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केलेल्या या बाईंनाही इथे येण्याआधी प्रशिक्षण चुकलं नाही.

आजच्या रीलमधला कार्यक्रम सहा आठवड्यांचा असतो, कधी दोनच आठवड्यांचा. मुदत कमी झाली, तशी तयारीही आटली. अडचण तिथून सुरू होते.

आज कोणकोणते मार्ग आहेत?

ढोबळमानाने चार.

पहिला मार्ग सरकारी पाठबळ असलेल्या शिष्यवृत्तींचा. उदाहरणार्थ, फुलब्राइटचा परदेशी भाषा शिक्षण साहाय्यक कार्यक्रम. यात भारतातले तरुण शिक्षक साधारण नऊ महिने अमेरिकी विद्यापीठात भारतीय भाषा शिकवतात आणि सोबत तिथले काही अभ्यासक्रमही करतात. खर्चासाठी भत्ता मिळतो, पण निवड कडक असते.

दुसरा मार्ग आयसेकसारख्या तरुणांच्या संघटनांचा. १९४८ मध्ये युरोपात सुरू झालेली ही संघटना भारतातल्या अनेक शहरांत काम करते. १८ ते ३० वयोगटातल्यांना काही आठवड्यांच्या प्रकल्पांवर पाठवते. यासाठी फी भरावी लागते.

तिसरा मार्ग खासगी कंपन्यांच्या पॅकेजचा. पैसे भरा, बाकी सगळं आम्ही बघतो.

चौथा मार्ग वर्कअवेसारख्या वेबसाइटचा. दिवसाचे चार-पाच तास काम करायचं, बदल्यात राहायला आणि जेवायला मिळतं. यजमान कुटुंब, हॉस्टेल, शेत किंवा छोटी शाळा, काहीही असू शकतं.

मार्ग वेगळे, तसे नियमही वेगळे. पण जाहिरातीत सगळ्यांना एकच शब्द असतो : व्हॉलंटियर.

पगार नाही, मग टुरिस्ट व्हिसा का चालत नाही?

कारण कित्येक देशांत ‘काम’ ठरवताना पगार ही एकमेव कसोटी नसते.

थायलंडमध्ये शाळेत विनामोबदला शिकवायचं असलं, तरी त्यासाठीचा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते. त्यापुढे चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो आणि त्यासाठी तिथल्या संस्थेने तुम्हाला स्पॉन्सर करावं लागतं.

भारताचा स्वतःचा नियमही असाच आहे. ई-टुरिस्ट व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवा करता येते, तीही बदल्यात कसलाही मोबदला नसेल तरच. आता ‘राहणं-खाणं आमच्याकडे’ हा मोबदला झाला की नाही? वाद होतो तो नेमका इथेच.

२०२५ च्या सुरुवातीला हा वाद जगभर बातम्यांमध्ये आला. ब्रिटनमधली एक तरुणी अमेरिकेत फिरत होती. राहण्याच्या बदल्यात ती यजमान कुटुंबांना घरकामात मदत करत होती. तिथून कॅनडात जाताना सीमेवर तिला अडवलं गेलं. असं राहायचं तर वर्क व्हिसा लागेल, असं कॅनडाच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. तिला अमेरिकेकडे परत पाठवलं आणि अमेरिकेने तिला ताब्यात घेतलं. जवळपास तीन आठवड्यांनी ती मायदेशी पोहोचली. भांडी घासण्याच्या बदल्यात खोली मिळाली, एवढंच काय ते घडलं होतं.

शिकवण्याच्या बाबतीत तर पुरावा आपणच तयार करतो. टुरिस्ट व्हिसावर जायचं, वर्गातले फोटो टाकायचे, खाली ‘टीचर’ लिहायचं. पुढच्या वेळी व्हिसा अधिकाऱ्याने ते पाहिलं तर? हा प्रश्न आता हवेतला राहिलेला नाही. अमेरिकेने जून २०२५ पासून विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसाच्या म्हणजे एफ, एम आणि जे गटातल्या अर्जदारांना आपली सोशल मीडिया खाती ‘पब्लिक’ ठेवायला सांगितलं आहे.

त्यामुळे संस्थेला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : ‘मला कोणत्या व्हिसावर बोलावताय आणि त्यासाठी कोणतं पत्र देणार?’ ‘टुरिस्ट व्हिसा काढा, विमानतळावर फिरायला आलोय म्हणा,’ असं उत्तर आलं, तर तिथेच थांबावं. अधिकाऱ्याशी खोटं बोलण्याची जोखीम संस्था घेत नसते, तुम्ही घेत असता. अंतिम खात्री त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत वेबसाइटवरूनच करावी.

नेपाळला व्हिसा लागत नाही, मग काय अडचण?

भारतीयांना नेपाळमध्ये जायला व्हिसा लागत नाही. पण इथे दुसरा, जास्त गंभीर मुद्दा येतो : मुलांची सुरक्षितता.

नेपाळ, कंबोडिया अशा देशांत परदेशी स्वयंसेवकांना अनेकदा अनाथाश्रमात पाठवलं जातं. युनिसेफ आणि बालहक्क संस्था अनेक वर्षं सांगत आल्या आहेत, की अशा संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एक जण हयात असतो. मग ती मुलं तिथे का?

कारण पैसा. परदेशी पाहुणे येतात, फी भरतात, देणग्या देतात. पाहुणे येत राहावेत म्हणून मुलं तिथे असावी लागतात. मग शिक्षणाचं आमिष दाखवून दलाल खेड्यांतल्या गरीब घरांतून मुलं आणतात. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये हा धोका वाढल्याचा इशारा युनिसेफने दिला होता.

ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला. त्याआधी झालेल्या संसदीय चौकशीत अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचा मुद्दा ठळकपणे मांडला गेला. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली.

आणखी एक त्रास आहे, जो फोटोत दिसत नाही. दर पंधरा दिवसांनी नवा दादा किंवा नवी ताई येते. लळा लावते. निघून जाते. पुन्हा दुसरं कोणी येतं. आधीच घरापासून तुटलेल्या मुलासाठी हे दर वेळी नव्याने तुटणं असतं.

म्हणून नियम सोपा ठेवता येतो. अनाथाश्रमात थोड्या दिवसांचं काम घ्यायचं नाही. मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात, अशा शाळेचा विचार करायचा.

आणि एक चाचणी आहे. संस्था तुमच्याकडे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी मागते का? आपल्याकडे ते पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवरून अर्ज करून मिळतं. कोणतीही चौकशी न करता अनोळखी माणसाला थेट मुलांमध्ये सोडणारी संस्था तुमच्यावर विश्वास टाकत नसते. ती मुलांबद्दल बेफिकीर असते. आपल्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असं कोणी आलं, तर पालक चालवून घेतील का, एवढाच विचार करून बघा.

इंग्लिश येतं म्हणजे शिकवता येतं का?

मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला पहिलीच्या वर्गाला मराठी शिकवता येत नाही. तसंच हे.

थोड्या मुदतीच्या कार्यक्रमांवर एक नेहमीची टीका होते. प्रत्येक नवा स्वयंसेवक रंगांची नावं, प्राण्यांची नावं आणि एक ते दहा आकडे शिकवतो. पुढचाही तेच शिकवतो. मुलांनी तोच धडा पाच वेळा गिरवलेला असतो आणि त्यांचे नेहमीचे शिक्षक बाजूला खुर्चीवर बसलेले असतात.

हे टाळायचं तर निघण्याआधी वर्गशिक्षकांशी बोलणं झालं पाहिजे. मुलं किती, इयत्ता कोणती, पाठ्यपुस्तक कोणतं, कुठपर्यंत झालंय? शिक्षकांना नेमकी कशात मदत हवी आहे? कदाचित त्यांना मुलांकडून बोलण्याचा सराव करून घ्यायला दुसरं माणूस हवं असेल. कदाचित वाचनात मागे पडलेल्या पाच मुलांकडे लक्ष देणारं कोणी हवं असेल. रीलमध्ये हे दिसणार नाही, पण उपयोग याचाच होतो.

इंग्लिश शिकवण्याचा १२० तासांचा टेफल कोर्स अनेक ठिकाणी मागितला जातो. तो केला तरी प्रत्यक्ष वर्गाचा सराव वेगळा. जवळच्या शाळेत किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत महिनाभर शिकवून बघितलं, तर आपल्याला हे जमतं का, ते विमानाचं तिकीट न काढताच कळतं.

स्थानिक भाषेतली चाळीस-पन्नास वाक्यंही शिकून घ्यावीत. ‘बस’, ‘ऐक’, ‘पुन्हा म्हण’, ‘छान’ एवढं आलं तरी वर्ग हाताळता येतो. तिथले रीतिरिवाजही विचारून घ्यावेत. आपल्याकडे लहान मुलाच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवतात. थायलंडमध्ये डोकं पवित्र मानतात, त्यामुळे अनोळखी माणसाने तिथे हात लावणं शिष्टाचारात बसत नाही.

आणि ही सांस्कृतिक देवाणघेवाण असेल, तर आपल्याकडचंही काही सोबत न्यायला हवं. त्याला मोठा कार्यक्रम लागत नाही. सात चपटे दगड आणि एक चेंडू असला, की लगोरी सुरू होते. ती खेळायला भाषाही लागत नाही.

फसवणूक कशी ओळखायची?

२०२२ पासून भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने म्यानमार, लाओस, कंबोडिया इथल्या बनावट नोकऱ्यांबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. सोशल मीडियावरच्या जाहिराती पाहून गेलेल्या भारतीय तरुणांना तिथे सायबर फसवणुकीच्या केंद्रांमध्ये डांबून काम करायला लावल्याची अनेक प्रकरणं समोर आली. ती आमिषं बहुतेक आयटी किंवा कॉल सेंटरच्या नोकरीची होती. पण पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे : घाई करणं, तिकीट आम्ही काढतो म्हणणं, टुरिस्ट व्हिसावर यायला सांगणं, कागदपत्रं तिथे आल्यावर बघू म्हणणं आणि पोहोचल्यावर पासपोर्ट काढून घेणं.

यातली एकही गोष्ट शिकवण्याच्या ऑफरमध्ये दिसली, तर सावध व्हायला हवं.

निघण्याआधीची यादी

तयारी किमान चार ते सहा महिने आधी सुरू केलेली बरी. पैसे भरण्याआधी या प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या :

• संस्था त्या देशात नोंदणीकृत आहे का? शाळेचं नाव, पत्ता आणि मुख्याध्यापकांचा संपर्क मिळतो का?
• व्हिसा कोणता आणि कागदपत्रं कोण देणार?
• भरलेल्या फीतले किती पैसे शाळेपर्यंत पोहोचतात?
• मुलांच्या सुरक्षेबद्दल लेखी नियम आहेत का? मुलांचे फोटो काढायला आणि टाकायला पालकांची परवानगी घेतली जाते का?
• आधी गेलेल्या दोन-तीन जणांशी बोलता येईल का? त्यांची नावं संस्थेने सुचवलेली नसतील, तर उत्तम.
• आजारी पडलात किंवा मध्येच परतायचं झालं, तर जबाबदारी कोणाची?

आरोग्य विमा काढा. घाना, केनिया, युगांडा अशा पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत जायचं असेल, तर लस किमान दहा दिवस आधी घ्या. लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.

पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घरी ठेवा. तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर फोनमध्ये आणि कागदावरही असू द्या. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते.

एवढं सगळं करून गेलेल्यांना हा अनुभव खरंच खूप काही देतो. आणि इतकी तयारी जमणारी नसेल, तर त्या देशात पर्यटक म्हणून फिरून यावं. त्यात काहीच कमीपणा नाही. फक्त मग मुलांच्या वर्गात खडू हातात घ्यायला जाऊ नये.