पासपोर्ट आपल्याच पर्समध्ये हवा

भिशीच्या पैशांतून पूर्वी फार तर अष्टविनायक, नाही तर महाबळेश्वर व्हायचं. आता तालुक्याच्या गावातल्या बायकाही थायलंडला निघाल्यात. छानच आहे! पण निघायची तयारी म्हणजे काय, तर चकल्या, लाडू, खाकरे आणि दोन नवे ड्रेस. उतरणार कुठे, पैसे कोणते लागतात, कागद काय काय हवेत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते सगळं यांनी बघितलंय" किंवा "टूरवाला आहे ना!"

मला हे पटत नाही. टूरबरोबर जरूर जावं, सोय होते. पण माहिती प्रत्येकीची स्वतःची हवी. आमच्या ग्रुपच्या वेळी टूरच्या माणसाने पहिल्याच दिवशी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून स्वतःच्या बॅगेत ठेवले. मी माझा परत मागितला, तर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय करायचाय?" अहो, परक्या देशात माझी ओळख सांगणारा तो एकच कागद! हॉटेलात नोंदणीपुरता दाखवावा आणि लगेच परत घ्यावा. समुद्रावर स्कूटर किंवा बोट भाड्याने देणारे तो तारण म्हणून मागतात, तिथे तर मुळीच देऊ नये. एक झेरॉक्स वेगळ्या बॅगेत आणि एक फोटो मोबाईलमध्ये ठेवावा.

आता कागदांचं. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय यायला मुभा दिली आणि जुलै २०२४ मध्ये मुक्कामाची मुदत ६० दिवस केली. पण हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांच्या दूतावासाच्या वेबसाइटवर ताजा नियम पाहून घ्यावा. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड नावाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, तोही पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. सरकारी साइटवर तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट्सही निघाल्यात, तेव्हा सांभाळून! नाव, पासपोर्ट नंबर, विमान, हॉटेलचा पत्ता, एवढंच तर भरायचं असतं. गॅस बुकिंग मोबाईलवरून करणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

पैशांचंही तसंच. तिथे बाथ चालतात. परक्या कार्डावर एटीएममधून पैसे काढले, की दर वेळी दोनशे बाथच्या वर चार्ज बसतो, म्हणून थोडे थोडे काढू नयेत. आणि थोडे तरी पैसे प्रत्येकीच्या हातात हवेतच. पाण्याची बाटली घ्यायची तरी नवऱ्याला शोधत फिरायचं का? नळाचं पाणी तिथे पीत नाहीत, बाटलीच घ्यावी लागते.

शाकाहारी मैत्रिणींना जास्त सांभाळावं लागतं. भाजी दिसली तरी तिच्यात माशाचा सॉस, म्हणजे 'नाम प्ला', बहुतेकदा असतो. 'मै साय नाम प्ला' म्हणजे तो घालू नका. 'जे' हा शब्द तर पाठच करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. तिथे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. म्हणजे आपल्या चातुर्मासवाल्या सासूबाईंचीही सोय! लोणचं आणि तूप मात्र मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको.

बँकॉकच्या राजवाड्यात आणि पाचूच्या बुद्धाच्या देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आपली साडी किंवा बाह्यांचा पंजाबी ड्रेस उत्तम. तिथल्या भिंतींवर त्यांचं रामायण रंगवलंय, ते निवांत पाहा. वाटेत कुणी गोड बोलून सांगेल, "आज राजवाडा बंद आहे, चला दुसरीकडे नेतो." तो नेतो थेट खड्यांच्या दुकानात. ऐकू नका, दारापर्यंत जाऊन बघा. भिक्षूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही, हातात वस्तूही द्यायची नाही. मनातून मलाही ते खटकतं. पण वाद घालायचा तर आपल्या घरातल्या सोवळ्याशी आधी घालू. पाहुणी म्हणून गेल्यावर तिथली रीत पाळावी.

बँकॉक-पट्टाया म्हटलं की आपल्याकडे पुरुष गालात हसतात. त्यामुळे कितीतरी जणींना "आम्ही थायलंडला चाललोय" हे सांगायलाही अवघडल्यासारखं होतं. का म्हणून? तिथल्या बाजारात गाडे चालवणाऱ्या, हिशोब करणाऱ्या, पहाटेपासून राबणाऱ्या बायका बघा. देश त्यांचाही आहे. जाताना त्यांना 'खोप खुन खा' म्हणा. म्हणजे आभार. शेवटचं 'खा' हे बायकांचं बोलणं, बरं का!

आणखी एक. हॉटेलचं थाई अक्षरांतलं कार्ड प्रत्येकीच्या पर्समध्ये हवं. आमच्यातल्या एक काकू बाजारात चुकल्या. इंग्रजी येत नव्हतं, पण कार्ड होतं. टॅक्सीवाल्याला दाखवलं आणि आमच्या आधी हॉटेलवर हजर! अडचण आलीच तर टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५.

घरात पाहुण्यांचं वेळापत्रक, मुलांच्या फिया, गॅस, दूध, औषधं हे सगळं आपणच सांभाळतो. मग घराबाहेर पडल्यावरच आपण सामानासारखं दुसऱ्याच्या भरवशावर का जायचं? पुढच्या भिशीला लाडूंची यादी करण्याआधी प्रत्येकीने आपला पासपोर्ट काढून त्यावरची तारीख वाचावी. फॉर्म भरताना मुलाला शेजारी बसवा हवं तर, पण बोटं आपलीच चालू द्या.